आधी कुणी बोलायचं?

साखळीला माझी धाकटी नणंद दिलेली आहे. पावसाळ्यात एकदा तिच्याकडे जाऊन यायचं, हा आमच्या घरचा जुना नेम. गेल्या पावसाळ्यात बंगळूरहून नातू आला होता, म्हणून त्यालाही बरोबर घेतलं. जांबोटी मागे पडली, कणकुंबी गेली आणि चोर्ल्याचा घाट लागताच धुकं असं दाटलं, की पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसत होता. हे गाडी चालवत होते, मी शेजारी, नातू मागे कुंद्याचा डबा मांडीवर घेऊन.

तेवढ्यात स्टिअरिंगसमोर दिवे लागायला सुरुवात झाली. आधी एबीएसचा पिवळा. मग स्टिअरिंगचं चित्र असलेला. मग आणखी दोन, ज्यांचा अर्थ आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हता. आणि वेगाचा काटा, चाळिसाच्या आसपास होता तो, एकदम शून्यावर पडला.

‘‘अज्जी, गाडी थांबली?’’

‘‘नाही रे.’’

‘‘मग काटा का झोपला?’’

उत्तर माझ्याकडे नव्हतं. ह्यांच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला. स्टिअरिंग जड झालंय, एवढंच ते म्हणाले. हळूच ब्रेक दाबून पाहिला, तो लागला. जागा मिळाली तिथे गाडी कडेला घेतली, चारही दिवे लुकलुकते ठेवले, इंजिन बंद केलं. पाच मिनिटांनी पुन्हा चालू केलं तर सगळं ठीक! दोन वळणं झाली आणि पुन्हा तीच दिवाळी. शेवटी त्या ट्रकच्या मागे मागे, माणूस चालतो त्याहून थोड्या अधिक वेगाने, आम्ही केरीपर्यंत उतरलो. ‘‘निधान, निधान,’’ असं हे स्वतःलाच सांगत होते. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांना गाडी चालवताना कन्नड बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

रात्री सूनबाईला फोन लावला. आमची सून धारवाडची. बंगळूरला नोकरी करते, आणि सहा वर्षं मी सगळ्यांना ‘ती कंप्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगत आले. खरं तर तिचं काम म्हणजे गाडीतले छोटे छोटे कंप्युटर एकमेकांशी कसे बोलतात, वेळेवर बोलतात की नाही, हे तपासायचं. घाटातला प्रकार तिने शांतपणे ऐकून घेतला आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘अत्ते, गाडीत अलीकडे नवीन काय बसवलं?’’

मी गप्प. कारण बसवलं होतं, आणि हट्ट माझाच होता. नातू यायचा म्हणून गावातल्या एका दुकानातून मोठ्या पडद्याचा म्युझिक सेट बसवून घेतला होता. जुन्या सेटच्या जागी नवा. ‘‘स्टिअरिंगवरची बटणंही चालतील, आजी,’’ असं दुकानातला पोरगा म्हणाला होता. ती बटणं चालावीत म्हणून त्याने कुठल्या वायरीला हात घातला, हे विचारायचं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

‘‘त्या पडद्याचा कपलर काढून ठेवा, आणि मगच घाट चढा,’’ सूनबाईने बजावलं. नणंदेच्या यजमानांच्या ओळखीचा एक गॅरेजवाला आला, दहा मिनिटांत पडदा सोडवून दिला. परत येताना घाटात पाऊस तसाच कोसळत होता, पण एकही दिवा लागला नाही.

पुढे गणपतीला ती आली तेव्हा मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, आता नीट सांग. गाण्याच्या डब्याचा आणि वेगाच्या काट्याचा संबंध काय? मोदक वळता वळता तिने जे सांगितलं ते मला इतकं आवडलं, की वाचकहो, आज तेच तुमच्यापुढे ठेवते आहे.

पूर्वीच्या गाडीत प्रत्येक कामाला वेगळी वायर. दिवा इकडे, बटण तिकडे, मध्ये वायर. पुढे इंजिनाला एक कंप्युटर आला, ब्रेकला एक, गिअरला एक, आणि प्रत्येकाला दुसऱ्याची माहिती हवी झाली. चाकं किती वेगाने फिरताहेत हे ब्रेकच्या पेटीला कळतं, पण ते काट्यालाही हवं, इंजिनालाही हवं, स्टिअरिंगलाही हवं. प्रत्येकीची प्रत्येकीशी वेगळी वायर ओढायची म्हटली तर गाडीत माणसांना बसायला जागा उरायची नाही. जर्मनीच्या बॉश कंपनीत १९८३ साली ह्यावर काम सुरू झालं. (आपल्या बंगळूरची मायको, जिचं नाव २००८ साली बॉश झालं, तिचीच ही मूळ कंपनी. जुनी माणसं अजून मायकोच म्हणतात.) फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या परिषदेत बॉशच्या इंजिनिअरांनी आपली पद्धत जगापुढे मांडली. तिचं नाव ‘कॅन’. पुढच्याच वर्षी तिच्या चिप्स बाजारात आल्या, १९९० नंतर मर्सिडीजच्या मोठ्या गाड्यांत ती दिसू लागली आणि आज आपल्या अंगणातल्या साध्या गाडीतही तीच आहे. युरोपात लिफ्टमध्ये आणि कापडाच्या मागांमध्येही ती लवकर शिरली. वडगाव-खासबागच्या विणकर मंडळींना हे ऐकून बरं वाटेल.

कॅन म्हणजे काय, तर दोन वायरी. वेणीसारख्या एकमेकींभोवती पिळलेल्या. सगळ्या पेट्या त्या दोन वायरींनाच जोडलेल्या. पीळ हौसेसाठी नाही. बाहेरून विजेचा काही झटका आला तर तो दोन्ही वायरींवर सारखाच येतो, आणि पेट्या ऐकतात तो दोघींमधला फरक, त्यामुळे झटक्याचा परिणाम होत नाही. ह्या वायरीवर कुणाला पत्ता नाही. ‘इंजिनासाठी निरोप’ असं कुणी म्हणत नाही. ब्रेकची पेटी नुसतं सांगते, ‘चाकांचा वेग इतका’, आणि ते सगळ्यांना ऐकू जातं. ज्याला हवं तो घेतो, बाकीचे सोडून देतात. वाड्यातल्या मोठ्या स्वयंपाकघरातून ‘पानं घेतली’ म्हणून हाक यायची, तसंच.

पण मग दोघं एकदम बोलले तर? इथेच खरी गंमत आहे, आणि इथे सूनबाई मोदक ठेवून पाटावर पिठाने आकडे काढायला लागली.

प्रत्येक निरोपाला एक नंबर असतो. नंबर जितका लहान, तितका त्याचा मान मोठा. निरोपाची सुरुवात ह्या नंबरानेच होते, आणि तो शून्य-एकच्या भाषेत, एकेक आकडा करून वायरीवर टाकला जातो. वायरीचा गुण असा, की कुणी शून्य म्हणालं आणि कुणी एक म्हणालं, तर ऐकू येतो तो शून्यच. आणि बोलणारी प्रत्येक पेटी बोलता बोलता ऐकतही असते.

आता समजा ब्रेकच्या निरोपाचा नंबर ००१० आणि खिडकीच्या काचेचा ०११० (खऱ्या गाडीत अकरा आकडी असतो, आपण चारच घेऊ). दोघी एकाच क्षणी सुरू झाल्या. पहिला आकडा दोघींचा शून्य. कुणालाच काही कळलं नाही. दुसरा आकडा : ब्रेक म्हणाली शून्य, खिडकी म्हणाली एक. वायरीवर शून्य. खिडकीने ऐकलं, की मी एक म्हटलं आणि ऐकू आलं शून्य, म्हणजे माझ्याहून मोठं कुणीतरी बोलतंय. ती तिथल्या तिथे गप्प होते. ब्रेकला कळतही नाही, की कुणी मध्ये बोलायला आलं होतं. तिचा निरोप एक अक्षरही न तुटता पुढे जातो. तो संपला की खिडकी पुन्हा प्रयत्न करते.

मला ह्यातलं सगळ्यात काय पटलं असेल, तर भांडण झाल्यावर दोघांनीही पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, असं इथे नाही. आमच्या घरी जेवताना दोघं एकदम बोलायला लागतात, दोघंही थांबतात, ‘तू बोल, तू बोल’ होतं आणि शेवटी आमटी गार होते. ह्या दोन वायरींवर ती वेळच येत नाही.

वेळेचं महत्त्व किती, तेही तिने हिशेबाने दाखवलं. ताशी साठच्या वेगाने गाडी दहा मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात, सतरा सेंटीमीटर पुढे जाते. वीतभरही नाही. पण सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला, तर पावणेदोन मीटर. रस्त्यात आलेलं पोर आणि बंपर ह्यांच्यात तेवढं अंतर नसतं कित्येकदा. नेहमीच्या वेगाच्या कॅनवर एक भरलेला निरोप साधारण पाव मिलिसेकंदात संपतो. म्हणून ब्रेकला वाट पाहावी लागली, तरी ती समोर चालू असलेला एकच निरोप संपेपर्यंत.

‘‘मग खिडकीला कधी बोलायला मिळणार?’’ नातवाने विचारलं. तो आमच्या नकळत दारात येऊन उभा होता.

प्रश्न पोरकट नाही बरं. मोठ्या मानाचे निरोप सतत येत राहिले तर लहानांची पाळी येणार कधी, आणि उशिरात उशीर किती होणार, हे गाडी रस्त्यावर आणण्याआधी कागदावर सिद्ध करावं लागतं. इंग्लंडातल्या यॉर्क विद्यापीठाच्या केन टिंडेल आणि अ‍ॅलन बर्न्स ह्यांनी १९९४ च्या सुमारास त्याचं गणित बसवलं. ते जगभर वापरलं गेलं. आणि २००७ साली असं निघालं, की त्या गणितात एक चूक आहे! वायर फार भरलेली असेल तर एखादा निरोप वेळेत पोचेल असं गणित सांगायचं, आणि प्रत्यक्षात तो उशिरा पोचू शकायचा. चूक दाखवून गणित दुरुस्त केलं त्या मंडळींत रॉबर्ट डेव्हिस, राइंडर ब्रिल, योहान लुक्कियन, आणि चौथे कोण, तर स्वतः अ‍ॅलन बर्न्स. आपलीच चूक तेरा वर्षांनी आपल्याच नावाने छापणारा माणूस मला फार मोठा वाटला. आमच्याकडे वर्गणीच्या हिशेबातली चूक तीन वर्षं कुणी कबूल केली नाही, पण तो विषय आज नको.

आता माझ्या पडद्याकडे येते. कॅनच्या दोन्ही टोकांना एकशेवीस ओहमचा एकेक रेझिस्टन्स लावलेला असतो. टोकाला पोचलेला आवाज उलट फिरून प्रतिध्वनी होऊ नये म्हणून. दोन्ही मिळून मीटरवर साठ दिसले पाहिजेत. परत आल्यावर उद्यमबागेतल्या आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने बॅटरी सोडवली, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये सहा आणि चौदा नंबरला मीटर लावला. साठ. मग त्याने पडद्याचा कपलर परत जोडला. चाळीस! ‘‘वहिनी, तिसरा रेझिस्टन्स ह्या डब्यात बसलाय,’’ तो म्हणाला. एवढंच असतं तर कदाचित गाडीने सहनही केलं असतं. पण दुकानातल्या पोराने त्या पिळलेल्या वायरी मध्येच सोलून, पीळ उसवून, जोड देऊन वर नुसती टेप गुंडाळली होती. कोरड्यात चाललं. घाटातल्या ओलीत जोडाच्या तांब्यावर हिरवा गंज चढला, आणि निरोप तुटायला लागले.

तुटलेला निरोप पेट्यांना कळतो, कारण प्रत्येक निरोपाच्या शेवटी पडताळा असतो. एकाही पेटीला तो चुकीचा वाटला तर ती सगळ्यांना ओरडून सांगते आणि निरोप पुन्हा पाठवला जातो. शिवाय प्रत्येक पेटी आपल्याच चुकांची वही ठेवते. पाठवताना चूक झाली तर आठ गुण वाढतात, निरोप नीट गेला तर एकच कमी होतो. एकशेअठ्ठावीस झाले की ती दबून बोलायला लागते, आणि दोनशे पंचावन्नच्या पलीकडे गेले की स्वतःला वायरीवरून तोडून घेते. इथे सूनबाई हसून म्हणाली, ‘‘अत्ते, सुम्मनिरु अंता तानं ताने हेळ्कोळ्ळोदु!’’ स्वतःच स्वतःला गप्प बस म्हणायचं. माणसांत ही सोय नाही.

घाटात आमच्या गाडीत हेच चाललं होतं. चाकांचे सेन्सर ब्रेकच्या पेटीलाच थेट जोडलेले, त्यामुळे तिला वेग कळत होता, पण तिचं बोलणं बाकीच्यांपर्यंत पोचत नव्हतं. काट्याला वेग ऐकू येईना, तो झोपला. स्टिअरिंगला ऐकू येईना, त्याने मदतीचा हात आखडता घेतला. आणि गाडी थांबली ती कशामुळे? तर पेडलपासून चाकापर्यंत तेलाच्या दाबाचा जुना रस्ता अजून शाबूत आहे म्हणून. एबीएस बंद पडला तरी तो साधा ब्रेक लागतोच. हे ऐकल्यावर मी मोदकाचं ताट खाली ठेवलं. म्हणजे त्या दिवशी आम्ही वायरीच्या भरवशावर नव्हतो, ह्याच एका गोष्टीमुळे निभावलं.

पण उद्याच्या गाड्यांत तो जुना रस्ता राहीलच असं नाही. इन्फिनिटीच्या क्यू५० गाडीत २०१३ साली स्टिअरिंगचं काम वायरीवर दिलं, तेव्हा अडीअडचणीला लोखंडी जोड ठेवली होती. २०२३ मध्ये आलेल्या टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये स्टिअरिंग आणि चाक ह्यांच्यात तशी जोडच नाही. अशा ठिकाणी ‘मोठा आधी बोलेल’ एवढं पुरत नाही. समजा मोठ्या मानाचीच पेटी बिघडली आणि वेड्यासारखी बडबडत सुटली, तर लहान सगळे जन्मभर गप्प. आणि एखादी पेटी बोलत नाहीये, तर तिला सांगण्यासारखं काही नाही की ती मेली, हे कसं कळणार?

व्हिएन्नाचे प्राध्यापक हर्मान कोपेट्झ ह्यांनी ह्यावर दुसरा मार्ग काढला. प्रत्येकाला घड्याळाप्रमाणे ठरलेली पाळी. कालव्याच्या पाण्याची असते ना, रात्री दोन ते चार अमक्याच्या शेताला, तशी. सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी आपल्या पाळीला बोलायचंच. पाळी आली आणि आवाज आला नाही, की बाकीच्यांना लगेच समजतं, ही पेटी गेली. आणि दुसऱ्याच्या पाळीत कुणी तोंड उघडू नये म्हणून दारात एक राखणदार. त्याच विचाराची ‘फ्लेक्सरे’ पद्धत बीएमडब्ल्यू आणि इतर कंपन्यांनी मिळून काढली. दोन स्वतंत्र मार्ग, वेग कॅनच्या दसपट, काही वेळ ठरलेल्या पाळ्यांसाठी आणि काही मोकळा ठेवलेला. २००६ च्या बीएमडब्ल्यू एक्स५ मध्ये ती पहिल्यांदा रस्त्यावर आली. ती महाग पडली आणि फार पसरली नाही. आता तिच्या जागी गाडीसाठी बेतलेलं ईथरनेट येतंय, पण त्यातही पाळ्यांची कल्पना घेतलेलीच आहे. माझं मत विचाराल तर कोपेट्झ ह्यांचं मला जास्त पटतं. आमच्या घरी तरी न बोलणाऱ्याचीच काळजी अधिक करावी लागते.

कॅनचं आणखी एक वैगुण्य म्हणजे, बोलणारा कोण हे ती विचारतच नाही. नंबर बरोबर असला की झालं. १९८६ साली परका माणूस गाडीच्या वायरीपर्यंत पोचेल, असं कुणाला वाटणार होतं? २०१५ साली अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक ह्या दोघांनी दूर बसून, मोबाइलच्या जाळ्यातून, हमरस्त्यावर धावणारी जीप चेरोकी ताब्यात घेऊन दाखवली. आत गाडी चालवणारा पत्रकार त्यांना सामील होता. शिरले कुठून? गाण्याच्या पडद्यातून! त्यानंतर कंपनीने चौदा लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. २०२२ साली लंडनमध्ये चोरांनी पुढच्या दिव्याच्या वायरीतून कॅनमध्ये खोटे निरोप सोडून एक टोयोटा पळवली. तो प्रकार उलगडून लिहिणारा माणूस पुन्हा तोच, यॉर्कचा केन टिंडेल.

आमचा पडदा आता कपाटात आहे. पैसे परत मागायला ह्यांनी नकार दिला, मी मात्र जाऊन दोन शब्द सुनावून आले. सणासुदीला गाडीत काही बसवून घ्यायचा विचार असेल, तर दुकानात आधी एवढंच विचारा, ‘वायर सोलणार, की कंपनीच्या सॉकेटला बसणारा कपलर जोडणार?’ सोलणार म्हणाला तर चहा पिऊन परत या. आणि दिवे लागून काटा पडलाच, तर आमच्यासारखं पुढे जात राहू नका. सूनबाईने ह्यांना त्यासाठी चांगलंच फैलावर घेतलं. घाटातच थांबून कुणाला तरी बोलवायला हवं होतं, असं ती म्हणाली. रस्त्यात मोबाइलला रेंज नव्हती, हे आमचं उत्तर तिने ऐकून घेतलं, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही.

राहिला नातवाचा प्रश्न. खिडकीला कधी बोलायला मिळतं? बहुतेक गाड्यांत दारं-खिडक्यांची वायर इंजिन-ब्रेकच्या वायरीपासून मुळात वेगळीच असते, आणि दोघींच्या मध्ये एक पेटी बसून नेमके निरोपच इकडून तिकडे सोडते. ‘‘म्हणजे मुलांची पंगत वेगळी,’’ तो म्हणाला, आणि एक मोदक उचलून पळाला.